उंबऱ्याच्या आतला कारखाना

हुपरी या गावात चांदीचं काम घराघरांत चालतं. पैंजणाच्या कड्या जोडणं, घुंगरू ओवणं ही कामं बायका स्वयंपाकाच्या जोडीनंच उरकतात. म्हणून विद्यापीठातला मानव विकास आणि कुटुंब अभ्यास अशा उंबऱ्यावरून सुरू व्हावा, असं मला मनापासून वाटतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये भारतीय नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. त्याच नात्यात मजुरी कशी मिसळते, ते इथं हुपरीत पाहावं. कुणी म्हणेल, हा तर अर्थशास्त्राचा विषय. पण अर्थशास्त्र पैंजणांचं वजन करतं. ते घडवणाऱ्या हातांनीच शेजारी रांगणारं मूल सांभाळलेलं असतं, ते हिशेबात येत नाही. घरबसल्या काम ही सोय आहे, हे खरंच. मात्र कारखान्याची सुट्टी होते, घराची होत नाही; चूल विझली तरी घुंगरांची परात पुढ्यातच असते.