क्लॅम्प काढल्यावर

२ जुलै
आज पहिल्यांदा क्लॅम्प माझ्या हातून लागला. भूल दिलेला उंदीर, आणि आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी गोधडीच्या दोऱ्याएवढी. बघता बघता आतडं फिकट पडलं, मग काळसर निळं. ४५ मिनिटांनी क्लॅम्प काढला तर गुलाबी रंग सरसर परतला, आतडं वळवळायलाही लागलं. मी सुटकेचा श्वास टाकला. सर म्हणाले, "हुरळू नकोस. खरा बिघाड आत्ता सुरू झालाय."

५ जुलै
स्लाइड आल्या. नुसता क्लॅम्प लावलेल्यांत आतड्याच्या आतल्या अंकुरांच्या टोकाशी आवरण जरा उचललेलं. तासभर रक्त परतलेल्यांत टोकंच गायब. गाभा उघडा, केशवाहिन्या फुगलेल्या. १९७० पासून वापरात असलेल्या चिऊ मोजपट्टीवर (० ते ५) पहिल्यांना २, दुसऱ्यांना ४ दिले. लेबलं झाकूनच गुण द्यायचे असतात. तरी कुठली कुठल्या गटातली ते दिसतंच, कशाला खोटं बोला! तळच्या खळग्यांतल्या पेशी मात्र जिवंत होत्या. नवं आवरण तिथूनच वर चढतं.

८ जुलै
पार्क्स आणि ग्रेंजर यांचा १९८६ चा निबंध पुन्हा वाचला. मांजराच्या आतड्यात तीन तास रक्त रोखून एक तास सोडलं, तर सलग चार तास रोखण्यापेक्षा जास्त इजा. कारण असं : रक्त थांबलं की पेशीची ऊर्जा संपते, तिचा उरलासुरला माल हायपोझँथिन म्हणून साठतो, आणि एक एन्झाइम रूप बदलून झँथिन ऑक्सिडेज होतं. मग अडतं फक्त ऑक्सिजनवाचून. तो रक्ताबरोबर आला की सुपरऑक्साइडचा भडका. मागोमाग पांढऱ्या पेशी येतात त्या आगीत तेल ओतायला.

बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "तापलेल्या बैलाला लगेच पाणी दाखवत नाहीत, तसंच की." अगदी तसं नाही. तहानेल्या बैलाच्या पोटात दारूगोळा साठत नसतो.

१२ जुलै
रात्री अवयवदानाच्या शस्त्रक्रियेत मागे उभं राहायला मिळालं. मूत्रपिंड बर्फात दिवसभर तग धरतं, यकृत दहा-बारा तास. आतड्याला सहा-आठ तासांच्या आत नव्या पोटात रक्त मिळालेलं बरं. धमनीतून जे थंड विस्कॉन्सिन द्रावण सोडतात त्यात अ‍ॅलोप्युरिनॉल आणि ग्लुटाथायोन असतं, म्हणजे त्या भडक्याचा विचार आधीच केलेला. पण ते धमनीतून जातं. आतड्याच्या पोकळीत पाचकरस आणि जंतू तसेच राहतात, आणि आवरण फाटलं की हेच घरभेदी रक्तात शिरतात. म्हणून पोकळीतही पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण भरून पाहिलं जातंय. मला यात दम वाटतो. उंदरांना वाचवणारी औषधं ढीगभर झाली. माणसाच्या आतड्याच्या बाबतीत अजून तरी बर्फ आणि घड्याळ यांच्यावरच भिस्त.

१६ जुलै
नवा गट. मोठ्या क्लॅम्पआधी रक्त थोडं थोडं रोखून सोडायचं, म्हणजे आतड्याला सराव होतो. मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी १९८६ मध्ये कुत्र्याच्या हृदयावर पाच-पाच मिनिटांचे चार झटके देऊन हे दाखवलं होतं. माझ्या पहिल्या तीन उंदरांचे चिऊ गुण : २, २, ३. चौथा ४. त्याच्या वेळी मी फोन घ्यायला वळले आणि सरावाचा झटका पाचऐवजी अकरा मिनिटांचा झाला. वहीत अकराच लिहिलंय. तो उंदीर गटातून बाद.