नकाशावरचा निळा रंग आणि आमचा हातपंप

समाजशास्त्रात एम.ए. झालो, समाजकार्यात आलो आणि एक दिवस क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत माझ्या गावाचा नकाशा उघडला. पिण्याच्या पाण्याचे गावनिहाय आकडे भरले. अख्खे गाव निळे झाले. म्हणजे पाणी आहे! पण नळ आहेत गावठाणात. आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया आजही ओढ्यापलीकडच्या हातपंपावर जातात.

दोष संगणकाचा नाही, मोजण्याच्या एककाचा आहे. संपूर्ण गाव एकक धरले की सरासरी जात लपवते. 1854 साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू घरागणिक नकाशावर मांडले, म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीची दाटी डोळ्यांना दिसली. शहराच्या सरासरीत ती कधीच दिसली नसती.

पाणी हा माणुसकीच्या हक्काचा प्रश्न आहे, हे बाबासाहेबांनी 1927 साली महाडला जगाला दाखवले. ओपनस्ट्रीटमॅपवर कोणालाही नोंद करता येते. आम्ही वस्तीतल्या पोरापोरींनी मोबाइल घेऊन प्रत्येक नळ, प्रत्येक हातपंप नोंदवला आणि तो नकाशा ग्रामसभेत मांडला. "गावात पाणी आहे" हे वाक्य त्या दिवशी कोणी उच्चारले नाही. नळ अजून आलेला नाही. पण आता तो कुठे नाही, हे नाकारता येत नाही.

मित्रांनो, आपली वस्ती आपणच मोजू या. जय भीम!