डिफोचा काळ आणि कुलाब्याचा समुद्र

इंग्रजी कादंबरीचा इतिहास शिकविताना डॅनिएल डिफोच्या चरित्राला आपण साधारणतः एक तासिका देतो. लंडनमधील व्यापारी घराणे, १६९२ मधील दिवाळखोरी, १७०३ मध्ये एका उपरोधपूर्ण पुस्तिकेपायी भर चौकात खोड्यात उभे राहण्याची शिक्षा, दीर्घकाळ केलेली पत्रकारिता आणि साठीच्या सुमारास, १७१९ मध्ये, लिहिलेली ‘रॉबिन्सन क्रूसो’. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अध्यापन करताना या चरित्राचा आपल्याशी संबंध कोणता, हा प्रश्न मला सतत पडत असे. दोन सनावळ्या शेजारी मांडल्यावर त्याचे उत्तर मिळू लागले.

१७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याच्या आरमाराने खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. पुढील वर्षी ‘क्रूसो’ आणि १७२० मध्ये ‘कॅप्टन सिंगल्टन’ प्रसिद्ध झाली. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे कुलाबा किल्ल्यावर मोहीम काढली. तीही निष्फळ ठरली. १७२२ मध्ये ‘मोल फ्लँडर्स’ आली. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले, डिफो १७३१ मध्ये. ज्या सागरी व्यापाराने डिफोचे कथाविश्व घडविले, तोच व्यापार अलिबागच्या तटाशी अडला होता. डिफोच्या डोळ्यांपुढे कान्होजी होते, असा दावा येथे करावयाचा नाही. दोघांचा काळ मात्र एकच होता.

‘सिंगल्टन’चा नायक हिंदी महासागरात चाचेगिरी करतो, अखेरीस पश्चात्ताप पावतो आणि वेष पालटून संपत्तीसह इंग्लंडात सुखरूप परततो. ही कथा सांगितल्यावर एका कोळी विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग कान्होजींनाच चाचा का म्हणायचे?” प्रश्न साधा होता, पण तो थेट निवेदनतंत्राच्या मुळाशी जाणारा होता. कान्होजी हे शाहू छत्रपतींचे सरखेल. या समुद्रात फिरणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीजही आपल्या परवान्यांची अशीच सक्ती करीत. तरीही त्या मोहिमांत सहभागी असलेल्या क्लेमंट डाउनिंगने १७३७ च्या आपल्या ग्रंथात आंग्र्यांना चाचेच ठरविले. सिंगल्टनला ‘मी’ म्हणण्याचा अधिकार मिळाला, म्हणून त्याचा गुन्हा माणसाची कहाणी झाला. कान्होजींविषयी मात्र त्या वाचकवर्गापुढे इतरच बोलत राहिले.

क्रूसोच्या बेटाचेही तसेच आहे. आफ्रिकेतून गुलाम आणण्यासाठी निघालेला हा ब्राझीलमधील मळेवाला जहाज फुटून निर्जन बेटावर पोहोचतो आणि स्वतःला त्याचा राजा मानू लागतो. याच किनाऱ्यावर मुरूडसमोरच्या बेटावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी शतकानुशतके राज्य केले. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. जंजिऱ्याच्या परिसरातून ‘क्रूसो’ वाचणाऱ्यास आफ्रिकी माणूस म्हणजे केवळ गुलाम, ही त्या कथेतील गृहीत बाब सहज स्वीकारता येत नाही.

यावरून डिफोचे वाङ्मयीन मोल कमी होते असे नाही. हिशेबाच्या वहीतील काटेकोरपणा गद्यकथेत आणून त्याने सामान्य माणसाच्या दैनंदिन जगण्याला प्रतिष्ठा दिली, हे श्रेय त्याचेच. परंतु लेखकाचा काळ म्हणजे केवळ त्याच्या शहराचा काळ नव्हे. त्याच्या कथांतील जहाजे ज्या समुद्रांतून गेली, त्यांच्या किनाऱ्यांवरील माणसांचाही तो काळ असतो. आपल्या अभ्यासक्रमांत चरित्रात्मक समीक्षा शिकविताना हा दुसरा किनारा बहुधा सुटतो. तो जोडून घेण्याचे काम येथील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी करावयास हवे.