अर्जाची दुसरी प्रत

प्रिय बेबी,

काल फोनवर लेकीच्या अभ्यासाबद्दल सांगताना तू रडलीस आणि मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

‘आळशी आहे, घरी लक्ष द्या’ हा शेरा आमच्या चिरंजीवांच्या वहीत तिसरीपासून पाचवीपर्यंत होता. आम्ही लक्ष दिलं म्हणजे काय केलं? एकेक शब्द वीस-वीसदा लिहून घेतला. विसाव्यांदाही ‘धन’चं ‘घन’च. तोंडी विचारलं की तोच मुलगा अख्खा धडा घडाघडा सांगायचा. तुझ्या भावोजींनी एकदा हात उचलला. ते आम्ही दोघंही विसरलेलो नाही.

पालकसभेला मी मागच्या बाकावर चोरासारखी बसायचे. तोंडी विनवण्या केल्या की ‘बघू हं’. शेवटी शेजारच्या निवृत्त हेडक्लार्क काकांनी कान उपटले, ‘अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या.’ शिक्का बसला आणि पंधरवड्यात बोलावणं आलं.

‘एकासाठी नियम कसे बदलणार?’ असं तुलाही विचारतील. बदलायचे नाहीतच. लिहिण्या-वाचण्यातल्या अशा अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ती आहे. ती लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात तसे उपाय करणं, हे मान्यताप्राप्त शाळेचं काम आहे. परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हेही त्याच कायद्यात आहे. अर्जात कायद्याचं नाव घाल, आवाज चढवू नकोस. बाईंवरही चिडू नकोस. भरल्या वर्गात एकेकीकडे बघायला त्यांना सवड कुठली?

या सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राला मात्र चपला झिजतात. आधी डोळे-कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. सरकारी रुग्णालयात आमच्या पाच फेऱ्या झाल्या. म्हणून दहावीची वाट बघू नकोस.

सासूबाईंना ‘दिव्यांग’ शब्द झोंबेल. मलाही झोंबला होता, रात्रभर डोळा लागला नाही. पण वर्गात पोरीला रोज ‘ढ’ म्हणतात, त्याला कुठं कुणाचं प्रमाणपत्र लागतं?

रविवारी ये, अर्ज मिळून लिहू. येताना तिच्या मराठीच्या दोन वह्या आण. खाडाखोडीच्या आण हं, तू रात्री बसून फेअर करून दिलेल्या नकोत.

तुझी,
ताई