नोगुन-रीचा पूल

कोरियाच्या प्रवासांत राजवाडे व बुद्धमंदिरें पाहून झाल्यावर आम्ही योंगडोंगकडे निघालों, तेव्हां बरोबरच्या बायकामंडळींनीं विचारलें, "तेथें पाहावयाचें काय?" एक रेल्वेचा पूल, एवढेंच उत्तर आम्हांस देतां आलें.

योंगडोंग हा सेऊलच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलूख. रस्त्याच्या कडेनें आपल्या टेंभुर्णीच्याच कुळांतील, पण मोसंब्याएवढ्या केशरी फळांचीं झाडें लावलेलीं आहेत. पूल दोन कमानींचा. वरून सेऊल-बुसान लोहमार्ग जातो. भिंतींवर पांढऱ्या रंगानें वर्तुळें व त्रिकोण काढले आहेत. वर्तुळ म्हणजे गोळीची खूण. त्रिकोण म्हणजे गोळी अद्याप आंत रुतलेली. आम्ही मोजूं लागलों आणि लवकरच तें सोडून दिलें.

१९५० च्या जुलैंत उत्तर कोरियाचें सैन्य खालीं सरकत असतां अमेरिकन सैनिकांनीं जवळच्या खेड्यांतील लोकांस घरांबाहेर काढून दक्षिणेकडे चालतें केलें. ता. २६ रोजीं लोहमार्गावर विमानांतून त्यांच्यावर मारा झाला. वांचले ते या कमानींखालीं शिरले, आणि ता. २९ पर्यंत सातव्या कॅव्हल्री रेजिमेंटचे सैनिक त्यांच्यावर गोळ्या झाडीत राहिले. पांढऱ्या कपड्यांतील त्या गर्दींत शत्रूचे लोक वेषांतर करून मिसळले आहेत, ही धास्ती त्यांच्या मनांत भरलेली होती. कोरियन सरकारच्या समितीनें २००५ सालीं मृत व बेपत्ता मिळून १६३ जण निश्चित केले.

ज्यांचीं दोन मुलें येथें मेलीं ते चुंग उन-योंग १९६० पासून अर्ज करीत होते. दाद लागली नाहीं. १९९९ सालीं असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांपुढें खुद्द ते म्हातारे सैनिकच बोलूं लागले, तेव्हां कोठें ही हकीकत जगापुढें आली. पण त्यांचेंही एकमत नव्हतें. कोणी म्हणाला, हुकूम होता. कोणी म्हणाला, हुकूम आपल्या कानीं आला नाहीं. कांहींच्या मतें कमानींखालून आपल्यावरही गोळ्या आल्या. कांहींच्या मतें तेथें निराश्रित लोकांवांचून कोणी नव्हतें. एक तर असा निघाला कीं तो त्या दिवशीं तेथें नव्हताच! मग काय, त्याच्याबरोबर इतरांचीही साक्ष बुडवूं पाहणारे पुढें सरसावले. वाटणीचे दावे ज्यांच्या घरीं झाले आहेत त्यांस ठाऊक असेल, एक साक्षीदार खोटा ठरला म्हणून शेत नाहींसें होत नाहीं.

अमेरिकन लष्कराच्या २००१ सालच्या अहवालानें, तसा हुकूम नव्हता व ही जाणूनबुजून केलेली हत्या नव्हे, असें ठरविलें. अध्यक्ष क्लिंटन यांनीं खेद व्यक्त केला. माफी मागितली नाहीं. पुढें एका इतिहाससंशोधकास अमेरिकेच्या सरकारी दफ्तरांत राजदूत मुचिओ यांचें पत्र सांपडलें. निर्वासित फळीकडे येऊं लागल्यास प्रथम इशाऱ्याच्या गोळ्या झाडाव्या, तरीही येत राहिल्यास त्यांच्यावरच झाडाव्या, असें आदल्या संध्याकाळीं ठरल्याचें त्यांत आहे. पत्राची तारीख २६ जुलै १९५०. या पुलाचें नांव त्यांत नाहीं, हें खरें. पण कमानींखालीं दडलेलीं माणसें कोणावर चालून येत होतीं?

समोरच्या टेकड्यांकडे बोट दाखवून आम्ही सैनिकांचे मोर्चे कोणत्या बाजूस होते तें सांगत होतों. आमच्या पुतण्यानें विचारलें, "काका, तिकडून लहान मुलें ओळखूं येत असतील का?"

इतक्यांत पुलावर आगगाडी आली. ती जाईपर्यंत आम्ही उभे राहिलों, आणि मग सगळेच मोटारीकडे वळलों.