वीतभर उंचीवरून

घरात कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरले, की माणसाने एकदा जमिनीवर ओणवे होऊन आपले घर पाहावे. मी पाहिले. सौभाग्यवती दारात उभी राहून हसत होती, ते सोडा! वीतभर उंचीवरून घर निराळेच दिसते. कोचामागे लोंबणारी विजेची वायर, पलंगाखाली घरंगळलेली औषधाची गोळी, मोरीतली फिनेलची बाटली. उभ्या माणसाला न दिसणारी संकटे तिथे दबा धरून बसलेली असतात.

मग आवराआवर सुरू झाली. कांदे-लसणांची टोपली फळीवर गेली. बेदाणे आणि चॉकलेट कपाटात गेले. आपला खाऊ तो कुत्र्याचे विष! कण्हेरीची कुंडीही गच्चीवर गेली.

नातवाला पिल्लू वसुबारसेलाच हवे होते. पण आठ आठवडे आईच्या कुशीत राहण्याचा हक्क पिल्लालाही आहे. शिवाय आपल्या कानाला न पोचणारे कितीतरी बारीक स्वर कुत्र्याला ऐकू येतात. अशा कानाची जगाशी पहिली ओळख ॲटमबाँबने का व्हावी? फटाके थंडावल्यावरच त्याला आणायचे ठरले. तेव्हाही पार्व्होच्या लसी पुऱ्या होईतो रस्ता बंदच. 1978 साली जगाला माहीत झालेला हा रोग पिल्लांचा काळ आहे.

आमची लेक रांगू लागली, तेव्हाही घर असेच वर चढले होते. ती सासरी गेली आणि एकेक वस्तू निमूटपणे खाली उतरली. आज त्या पुन्हा फळीवर चढल्या आहेत, आणि घर कसे जागे झाल्यासारखे वाटते.