आधी अर्क, मग विष

एम.फार्म.च्या प्रबंधासाठी मी भुईआवळी निवडली, ती मुख्यतः फुकट मिळते म्हणून. पावसाळ्यात कॉलेजच्या कुंपणालगत हवी तेवढी. मात्र वनस्पतितज्ज्ञांकडून ओळख पटवून घ्यावी लागली, कारण हुबेहूब तिच्यासारख्या दिसणाऱ्या तिच्या बहिणी शेजारीच उगवतात आणि बाजारातल्या पुडीत सगळ्या एकत्र नांदतात.

सावलीत वाळवलेली भुकटी सॉक्सलेट उपकरणात अल्कोहोलनं निथळवली, की शेवटी काळपट हिरवा, चिकट अर्क उरतो. हा अर्क पांढऱ्या उंदरांच्या एका गटाला आठवडाभर पाजला, मग कार्बन टेट्राक्लोराइड दिलं. दुसऱ्या गटाला नुसतंच विष. तिसऱ्याला विषाआधी सिलिमरिन. मिल्क थिसलच्या बियांतलं हे द्रव्य या कामात तुलनेसाठी ठरलेलं.

विषवाल्यांची यकृतं फिकट, पिवळट, चरबीनं भरलेली निघाली. अर्कवाल्यांची बरीच लालसर, यकृताच्या इजेचं माप असलेलं एसजीपीटीही खाली. मी खूश! सरांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "यकृत वाचलं, की विष तयारच झालं नाही?"

प्रश्न खोचक होता आणि रास्त. कार्बन टेट्राक्लोराइडला खरं मारक रूप यकृतातलंच एक एन्झाइम देतं. अर्कानं ते एन्झाइम नुसतं दाबलं असतं, तरी माझा तक्ता असाच सुंदर दिसला असता. शिवाय अर्क आधी, विष नंतर. कावीळ झालेला माणूस आठवडाभर आधी येतो थोडाच? अशा प्रयोगांच्या जोरावर बाटलीवर 'यकृतरक्षक' छापणाऱ्यांचं मला तेव्हापासून नवल वाटतं. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीच्या वाहकांना भुईआवळीचा मोठा गुण आल्याचं मांडलं होतं. पुढे इतरांच्या चाचण्यांत तो तसा दिसला नाही.

तेवढ्यात मामाचा फोन. "फॅटी लिव्हर निघालंय. तुझी ती पावडर पाठव गं थोडी." चौकशी केली, तर स्वारी करोनापासून रोज गुळवेलीचा काढा पीत होती. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. वनस्पती नक्की गुळवेलच होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. पुडीतल्या बहिणी पाहिलेल्या मला तो आक्षेप पोकळ वाटला नाही. पण मामाच्या काढ्यात तरी नक्की काय होतं, हे कुणी तपासलं होतं?

म्हटलं, "पावडर नाही. काढा आधी थांबव, डॉक्टरांना त्याबद्दल सांग आणि चालायला लाग."

"हे तर तेही म्हणाले," मामा वैतागला. "मग तू एवढं शिकून केलंस काय?"